घराच्या भिंतीसाठी फोटो : काढायचे कसे, जपायचे कसे, छापायचे कसे?

शेवंती | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षात आमचे अण्णा गेले. दहाव्याला फोटो लागतो म्हणून धाकट्या भावाने व्हॉट्सॲपवर आलेला एका लग्नातला ग्रुप फोटो तालुक्याच्या एका स्टुडिओत दिला. त्यांनी त्यातून अण्णांचा चेहरा कापला, मागे निळा पडदा टाकला, अंगात कोट-टाय चढवला आणि १२ बाय १८ ची फ्रेम करून दिली. चेहरा मेणासारखा गुळगुळीत झालाय, डोळे कुठे बघतायत कळत नाही. अण्णांनी जन्मात कोट घातला नाही. पांढरा सदरा, टोपी, आणि शेतात असले की डोक्याला टॉवेल. आई त्या फ्रेमला रोज हार घालते, पण एकदा मला हळूच म्हणाली, "ह्यो आपला माणूस न्हवं."

तेव्हापासून मला चैन नाही.

माझ्या, नवऱ्याच्या, भावाच्या आणि वहिनीच्या फोनमध्ये मिळून चौदा हजारांवर फोटो आहेत. त्यात अण्णांचे धड दहाही नाहीत. आम्ही सगळे पोरांचे फोटो काढत राहिलो आणि अण्णा कायम कडेला, अर्धे कापलेले. २००८ नंतर आमच्या घरात कागदावर उतरलेला एकही फोटो नाही. त्याआधीचे अल्बम गावी ट्रंकेत आहेत.

आई आता ७१ वर्षांची आहे. तिचे नीट फोटो मला आत्ताच काढायचे आहेत, ती हिंडती-फिरती असताना. वाईजवळच्या आमच्या घरात ओसरीवरून आत गेलं की एक मोठी भिंत आहे, तिथे घरच्यांचे फोटो लावायचेत. भिंत पावसाळ्यात ओल धरते. अण्णांच्या फोटोचं काही करता येईल का? चौदा हजारांचा डोंगर कुठून उपसू? जाणकारांनी सांगावं.

पारिजात_७६ | १२ जून, रात्री १०.०५

शेवंती, वाचून गलबललं. माझ्या सासूबाईंचा फ्रेममधला फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे. इतकी हसरी बाई आणि भिंतीवर अशी, जणू कुणी रागावलंय तिच्यावर. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

ओळखीचा_वारा | १२ जून, रात्री १०.३१

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हीच कथा.

खटका | १३ जून, सकाळी ७.१५

ताई, इचलकरंजीकडे आमचा स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला. निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करण्याच्या काळापासून हे काम पाहत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या फ्रेमचं काय झालं ते बघू. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. समजा ग्रुपमध्ये बारा-पंधरा माणसं आहेत, तर एका चेहऱ्याच्या वाट्याला शे-सव्वाशे पिक्सेल येतात. खांद्यापर्यंत कापलं तर रुंदी ३६० च्या आसपास. ती १२ इंचांवर पसरली, म्हणजे इंचाला ३० ठिपके. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० लागतात, भिंतीवर लांबून बघायच्या मोठ्या फोटोला १५० ते २०० वर भागतं. तीसवर चेहरा उरतच नाही, मग सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने कातडी रंगवतं. तुम्हाला जो मेणाचा चेहरा दिसतोय तो त्याचाच.

आता उपाय. त्या लग्नात तो फोटो कुणाच्या फोनवर काढला ते शोधा. फॉरवर्ड करणारा नको, ज्याने बटण दाबलं तो माणूस हवा. त्याच्या फोनमध्ये मूळ फोटो असेल तर तो बहुतेक ४००० बाय ३००० चा असेल. अडीच पट मोठा. तोच तुकडा मग ९०० पिक्सेल रुंद मिळेल आणि ५ बाय ७ ची प्रिंट स्वच्छ येईल. १२ बाय १८ चा हट्ट सोडा. लहान पण खरा फोटो, भोवती रुंद माउंट (पुठ्ठ्याची चौकट) लावून मोठ्या फ्रेममध्ये बसवला की भिंतीवर छान भरतो.

मूळ फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, तसा एक पिक्सेलही कमी होत नाही. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, तो नेहमीपेक्षा बरा, पण मूळ तो मूळच. शक्य असेल तर फोनच घेऊन स्टुडिओत जा आणि केबलने उतरवून घ्या.

लग्नाच्या फोटोग्राफरलाही विचारा. आम्ही लोक अल्बम दिल्यावरही हार्ड डिस्कवर काम काही काळ ठेवतो. अल्बममध्ये न घेतलेले शेकडो फोटो तिथे पडून असतात, जेवणाच्या पंगतीतले, मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे. त्यांत अण्णा सापडू शकतात.

आणि ट्रंकेत अल्बमबरोबर निगेटिव्ह आहेत का? पाकिटात, सहा-सहाच्या किंवा चार-चारच्या पट्ट्या? फेकू नका. जुन्या ३५ मिलिमीटर निगेटिव्हची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. चांगल्या स्कॅनरवर २४०० डीपीआयने, म्हणजे इंचाला २४०० ठिपक्यांनी, घेतली तरी ३४०० बाय २२६० च्या आसपास पिक्सेल मिळतात. त्यातून ८ बाय १२ सहज निघेल.

कोट चढवण्याबद्दल एवढंच म्हणतो, गिऱ्हाईक मागतं म्हणून आमचा धंदा ते करतो. पण मी तरी घरच्यांना आधी विचारतो, बाबा काय घालत होते.

शेवंती | १३ जून, दुपारी १.५०

खटकादादा, किती आभार मानू. ग्रुप फोटो मावसभावाने काढला होता, त्याला आत्ताच फोन केला. फोन बदललाय, पण जुना कपाटात आहे म्हणाला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात निगेटिव्ह असल्याचं आई सांगते. रविवारी गावी जाते.

मुळाकाठ | १३ जून, रात्री ११.१०

साठवणुकीवर लिहितो, माझं कामच ते आहे.

पहिली गोष्ट, डोंगर आज उपसू नका. आधी चारही फोनांमधलं सगळं एका हार्ड डिस्कवर जसंच्या तसं उतरवा. निवडत बसलात तर दोन वर्षं जातील आणि तेवढ्यात एखादा फोन पाण्यात पडेल. चौदा हजार फोटो, सरासरी साडेतीन एमबी धरले तर पन्नास जीबीच्या घरात होतात. एक टीबीच्या डिस्कमध्ये कोपऱ्यात मावतील.

गूगलच्या भरवशावर असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पूर्वी फोटो फुकट आणि अमर्याद ठेवता यायचे, ते १ जून २०२१ पासून बंद झालं. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, पुढे पैसे. दुसरी अधिक महत्त्वाची : दोन वर्षं कुणीच न उघडलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं, हे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. अण्णांच्या फोनवर खातं होतं का? असेल तर तो फोन चार्ज करा, उघडा आणि त्यात काय आहे ते आधी उतरवून घ्या. वयस्कर माणसांच्या फोनमध्ये चुकून काढलेले, हललेले, अंगठा आलेले फोटो असतात. माझ्या आजोबांच्या फोनमध्ये त्यांच्या गोठ्याचे बेचाळीस फोटो निघाले. एकात शिंगाशेजारी त्यांची स्वतःची सावली आहे. तो आमच्याकडे फ्रेम केलाय.

क्लाउडला जोडलेला फोन म्हणजे बॅकअप, असा समज असतो. तसं नसतं. फोनवर पुसलं की तिथूनही जातं. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम मी घरी पाळतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर. माझ्याकडे एक डिस्क पुण्यात, एक सासुरवाडीला कराडमध्ये, आणि निवडक फोटो क्लाउडवर. गणपतीला आणि दिवाळीला कराडला जातो तेव्हा डिस्कची अदलाबदल होते. सण चुकत नाही, त्यामुळे बॅकअपही चुकत नाही.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही नेण्या-आणण्याची साधनं आहेत. वर्षानुवर्षं वीज न लागता कपाटात पडून राहिली तर त्यातला मजकूर जाऊ शकतो. घरच्या संगणकावर फोटो भरून ठेवलेल्या सीडीही तपासा. त्यांच्यावरचा रंगाचा थर कालांतराने बिघडतो, काही आमच्याकडे दहा वर्षांत उघडेनाशा झाल्या.

नावं देताना वर्ष आधी : '२०१९-०९ गौरी', '२०२२-०४ यात्रा'. मग फोल्डर आपोआप ओळीने लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचं फोल्डर मात्र वेगळं ठेवा. व्हॉट्सॲप फोटोतली मूळ तारीख-वेळ काढून टाकतं, त्यामुळे २०१५ सालचा फोटो आज आला तर आजच्या तारखेला जाऊन बसतो आणि सगळा क्रम बिघडतो.

खटका | १४ जून, सकाळी ६.५०

मुळाकाठ यांच्याशी सहमत. आयफोनवाल्यांसाठी एक पुरवणी : २०१७ पासून आयफोन हेइक नावाच्या प्रकारात फोटो साठवतो. लहान गावच्या लॅबमध्ये ती फाइल पुष्कळदा उघडत नाही आणि मग समोरचा म्हणतो, व्हॉट्सॲप करा. तिथेच घात होतो. सेटिंगमध्ये जाऊन जेपीजी करून घ्या, किंवा छापायला देण्याआधी बदलून न्या.

अबोली_टीचर | १४ जून, सायंकाळी ५.३०

शेवंती बाळ, मी निवृत्त शिक्षिका. गेली आठ वर्षं मी आमच्या गल्लीतल्या सगळ्या आज्या-आजोबांचे फोटो काढून त्यांना प्रिंट देते. कॅमेरा नाही, फोनच. जे जमलंय ते सांगते.

आईला 'फोटो काढायचाय, चांगलं लुगडं नेस' असं सांगू नकोस. सांगितलंस की ती ताठ बसेल, हात मांडीवर ठेवेल आणि श्वास रोखून धरेल. ती रोज जिथे बसते तिथे जा. सकाळी नऊ-साडेनऊला किंवा चारनंतर, दार किंवा खिडकी तिच्या एका बाजूला येईल अशी बसव. ऊन अंगावर नको, उजेड हवा. घरातली ट्यूब, पिवळा दिवा, सगळं बंद कर. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की चेहरा अर्धा निळा अर्धा पिवळा येतो आणि तो पुढे कुणालाही नीट दुरुस्त करता येत नाही. फ्लॅश कधीच नको.

लेन्स आधी पुसून घे, सुती पदराने. दिवसभर आपलं बोट तिथे लागलेलं असतं. तो तेलकट डाग म्हणजेच धुरकट फोटो. फोनच्या कॅमेऱ्यातला चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटीचा पर्याय बंद कर. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या पुसल्या की ते माणूसच पुसलं जातं, तुझ्या अण्णांच्या फोटोत नेमकं तेच झालंय.

जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलंस तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फूट लांब बस आणि फोनमध्ये दोन एक्सची लेन्स असेल तर ती वापर. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ये, ती खाली बसली असेल तर तूही मांडी घाल.

मग तिला काहीतरी काम दे. शेंगा फोडणं, तांदूळ निवडणं, वाती वळणं. आणि बोलत राहा. मी विचारते, 'तुमच्या लग्नात वरात कशावरून आली होती?' हा प्रश्न ऐकून ज्यांचा चेहरा उजळला नाही असं माणूस मला अजून भेटलेलं नाही. त्या वेळी बटण दाबत राहायचं. चाळीस-पन्नास काढ, त्यातले तीन ठेव. चष्म्यावर उजेड चमकत असेल तर तिला हनुवटी जरा खाली घ्यायला सांग, चष्मा मात्र काढायला लावू नकोस. चष्म्याशिवाय नातवंडं ओळखणार नाहीत.

हातांचाही एक फोटो काढ. फक्त हातांचा.

शेवंती | १४ जून, रात्री ९.०५

अबोलीताई, हातांचं वाचून रडायला आलं. अण्णांचे हात मला अगदी आठवतात, फोटो नाही.

वाशिष्ठी | १५ जून, सकाळी ११.२०

चिपळूणहून लिहिते. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर छातीच्या वर पाणी होतं. अल्बम लाकडी कपाटाच्या खालच्या खणात होते. पाणी ओसरल्यावर चिखलात लडबडलेले अल्बम बघून आम्ही ते कचऱ्यात टाकायला निघालो होतो. एका ओळखीच्या बाईंनी थांबवलं म्हणून सत्तर-ऐंशी फोटो वाचले. कुणावर ही वेळ आलीच तर : ओले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नका, एकदा चिकटून वाळले की गेलेच. ओले असतानाच अल्बममधून अलगद सोडवा, स्वच्छ थंड पाण्यात हलकेच खळबळा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, आणि चित्र वर करून सुती कापडावर सावलीत पसरा. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. फार असतील आणि हात पुरणार नसतील तर मेणकागद मध्ये घालून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने एकेक काढा. आमच्याकडे चार दिवस वीजच नव्हती, पण वरच्या आळीत एकांकडे जनरेटर होता, त्यांनी ठेवून घेतले.

आता अल्बम माळ्यावर, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. आणि स्कॅन करून मुंबईला बहिणीकडे.

ओल धरणाऱ्या भिंतीबद्दल : बाहेरच्या भिंतीवर फोटो लावूच नका, आतल्या दोन खोल्यांमधली भिंत निवडा. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या छोट्या चकत्या चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. सर्वांत मोठी चूक म्हणजे फोटो थेट काचेला टेकवणं. आमच्या आजीचा लग्नातला फोटो काचेला असा चिकटला की काढताना अर्धा गाल काचेवर राहिला. मध्ये जाड पुठ्ठ्याची माउंट हवीच. फ्रेमवाला म्हणेल गरज नाही. त्याला म्हणावं, लाव.

घाटावरचा | १५ जून, दुपारी ३.४०

एवढा उपद्व्याप कशाला, सरळ लॅमिनेशन करून टाका. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी लाकडी पट्टीवर लॅमिनेट केलेले फोटो आहेत, भिंत गळकी असूनही फोटो शाबूत. ओल्या कापडानं पुसता येतात. कोकणात आणि मावळात हाच उपाय.

खटका | १५ जून, रात्री ८.२५

घाटावरचा, अनुभव खरा आहे. रोजच्या धुळीत, धुरात, ओलीत लॅमिनेशन टिकतं आणि स्वस्त पडतं. माझा आक्षेप एकाच ठिकाणी. लॅमिनेशन परत काढता येत नाही. कडेने एकदा हवा शिरली की आत पांढरे फुगे धरतात आणि फोटो त्यातच अडकतो. म्हणून जुना, एकुलता एक मूळ फोटो कधीही लॅमिनेट करू नका. तो स्कॅन करा, नवी प्रिंट काढा आणि ती हवी तर लॅमिनेट करा.

प्रिंटबद्दलही बोलून टाकतो, ताईंनी विचारलंय. फोटो छापण्याच्या तीन-चार तऱ्हा बाजारात आहेत. लॅबमध्ये फोटोच्या कागदावर लेझरने उजेड पाडून रसायनात धुतलेली प्रिंट, ही आपली जुनीच पद्धत, फक्त निगेटिव्हच्या जागी फाइल. अंधाऱ्या अल्बममध्ये ती अनेक दशकं टिकते. दुसरी, दुकानात दोन मिनिटांत मिळते ती, उष्णतेने कागदावर रंग चढवणारी. घाईला चांगली. तिसरी इंकजेट, तिच्यात शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) असेल तर टिकाऊ, साध्या डायची (विरघळलेल्या रंगाची) असेल तर उजेडात लवकर उडते. आणि चौथी, झेरॉक्सच्या दुकानातल्या कलर मशीनवर जाड कागदावर काढलेली. चौथीला लोक फोटो म्हणतात, मी म्हणत नाही. विचारून घ्या, 'फोटो पेपरवर लॅब प्रिंट आहे का?'

मॅट घ्या, ग्लॉसी नको. आपल्याकडे भिंतीसमोर दार असतं, ग्लॉसीवर आणि त्यावरच्या काचेवर दाराचंच प्रतिबिंब दिसत राहतं. ऊन थेट पडेल तिथे कुठलाही फोटो लावू नका, लाल-पिवळे रंग आधी उडतात आणि माणसं निळसर दिसायला लागतात.

आकाराचं बघा. फोनचा फोटो ४:३ च्या प्रमाणात असतो, ४ बाय ६ चा कागद ३:२ चा. म्हणजे फोटोचा नववा हिस्सा वरून-खालून कापला जातो, आणि तो नेमका मागच्या रांगेतल्या उंच काकांच्या डोक्यावरून. ६ बाय ८ चा कागद मागा, तो फोनच्या प्रमाणात तंतोतंत बसतो. नाहीतर काढतानाच डोक्यावर जागा सोडा.

शेवटचं, फोनचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून फोटो निवडू नका. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. प्रिंट काळपट येण्याच्या तक्रारींपैकी बहुतेक याच असतात. उजेड निम्म्यावर आणा, मग फोटो गडद वाटला तर थोडा उजळून द्या. आणि दोन फोटो आधी ४ बाय ६ मध्ये नमुना म्हणून काढा, दिवसाच्या उजेडात बघा, मग बाकीचे.

पैलतीर | १६ जून, सकाळी ८.००

न्यू जर्सीहून. मी साताऱ्याला आईसाठी डिजिटल फ्रेम पाठवली होती, इथून फोटो टाकला की तिथे दिसतो अशी. पहिले दोन महिने तिला फार आवडली. मग वाय-फायचा पासवर्ड बदलला, फ्रेम अडकून बसली, तिला ते कुणाला सांगायचं अवघड वाटलं. मी विचारलं की म्हणायची, 'आहे की, चालू आहे.' दिवाळीत गेलो तर फ्रेम कपाटात, टॉवेलमध्ये गुंडाळून.

तिच्याशी बोललो तेव्हा कळलं, फोटो सारखे बदलतात हेच तिला नको होतं. 'नातीकडे बघत असते तेवढ्यात ती जाते,' म्हणाली. मी त्याच दिवशी साताऱ्यातच वीस फोटो ६ बाय ८ मध्ये काढले. तीन भिंतीवर, बाकीचे डब्यात. डबा तिच्या उशाशी असतो. शेजारणी आल्या की निघतो. आता दर सुट्टीत मी दहा प्रिंट घेऊन जातो. फ्रेम परत लावली आहे, पण कार्डवर फोटो भरून, इंटरनेटशिवाय.

पारिजात_७६ | १६ जून, दुपारी १२.१५

पैलतीर, 'तेवढ्यात ती जाते' हे फार आतलं आहे.

एक विचारू का सगळ्यांना? गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो आणि जिवंत माणसांचे फोटो एकाच भिंतीवर लावतात का? आमच्याकडे सासूबाईंच्या शेजारी सासऱ्यांचा फोटो लावू देत नाहीत. ते स्वतःच म्हणतात, 'मला आत्ताच कशाला तिकडे बसवताय?'

अबोली_टीचर | १६ जून, सायंकाळी ६.१०

पारिजात, ज्यांच्या घरात आहे त्यांच्या मनाला लागेल असं करू नये. हाराचा फोटो देवघराजवळ किंवा दक्षिणेच्या भिंतीवर राहू दे. पण गेलेल्या माणसाचा दुसरा एक फोटो, हार न घालता, सगळ्यांमध्ये असावा. पंगतीत वाढताना, पोराला खांद्यावर घेतलेला. हाराच्या फोटोसमोर आपण हात जोडतो. या दुसऱ्या फोटोपुढे नातवंडं विचारतात, 'आजी तेव्हा काय करत होती?'

घाटावरचा | १६ जून, रात्री ९.३०

अबोलीताईंना अनुमोदन. आणि खटकाभाऊ, एकुलत्या एक मूळ फोटोचं पटलं. आजोबांचा पैलवानकीतला एकच फोटो आहे, तो लॅमिनेट करायचा राहिलाय ते बरंच झालं. या आठवड्यात स्कॅन करतो. किती डीपीआय?

खटका | १७ जून, सकाळी ७.०५

प्रिंट पोस्टकार्डाएवढी असेल तर ६००. पासपोर्टएवढी लहान असेल तर १२००. स्कॅनरची काच स्वच्छ पुसा. मूळ प्रत टिफ नावाच्या फाइलप्रकारात ठेवा. जेपीजी दर वेळी बदलून साठवला की थोडा थोडा खराब होतो, म्हणून सुधारणा कायम वेगळ्या प्रतीवर. आणि फोटोच्या मागे काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा.

शेवंती | २ सप्टेंबर, रात्री १०.१५

मंडळी, अडीच महिन्यांनी परत आले. धागा वर काढतेय, काय काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

मावसभावाच्या जुन्या फोनमध्ये मूळ फोटो मिळाला, पण त्यात अण्णा नेमके दुसरीकडे बघतायत. तो बाजूला ठेवला. मग बिस्किटाचा डबा उघडला. निगेटिव्हच्या अकरा पट्ट्या, दोन एकमेकींना चिकटलेल्या, बाकी ठीक. पुण्यात एकांकडून स्कॅन करून घेतल्या. १९९६ च्या सुगीतला एक आहे : अण्णा खळ्यावर उभे, डोक्याला टॉवेल, हातात सूप, आणि कॅमेरा धरणाऱ्या माझ्या काकांकडे बघून हसतायत. दात दिसतायत! आम्ही भावंडांनी अण्णांना असं हसताना क्वचितच पाहिलंय. आणि सुपावर त्यांचे दोन्ही हात आहेत, अबोलीताई. दहाही बोटं.

८ बाय १२, मॅट, माउंट लावून. प्रिंट आणली तेव्हा आईने पदराने काच पुसली, आधीच पुसलेली होती तरी. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यो सदरा मी शिवल्याला." कोटाची फ्रेम तिने स्वतःच उतरवून ट्रंकेत ठेवली. हार आता याच फोटोला. तो देवघराशेजारी आहे.

आईचे फोटो मी पाच रविवार काढले. पहिले दोन रविवार वाया गेले, ती ताठच बसायची. तिसऱ्या रविवारी घेवडा सोलायला घेतला आणि वरातीचं विचारलं. वरात बैलगाडीतून आली होती आणि वाटेत एक बैल बसला तो उठेचना, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. त्या वेळचे तीन फोटो ठेवलेत.

आतल्या भिंतीवर आता आठ फोटो आहेत, सगळे ६ बाय ८, मागे बुचाच्या चकत्या. पावसाळा जवळजवळ सरला, अजून तरी कुठे बुरशी नाही. वाशिष्ठी, त्या चकत्यांसाठी विशेष आभार. चारही फोन एका डिस्कवर उतरवलेत, दुसरी डिस्क भावाकडे. निवड चालू आहे, २०१६ पर्यंत पोचलेय. वर्षाला पंचवीस फोटो छापायचे असं ठरवलंय.

एक प्रश्न राहिला. प्रिंटच्या मागे नावं लिहायची आहेत, पेनाची शाई त्या कागदावर पुसली जाते.

खटका | ३ सप्टेंबर, सकाळी ६.४०

ताई, मन भरून आलं वाचून. हल्लीच्या कागदाला मागून प्लास्टिकचा थर असतो, त्यावर शाई वाळत नाही. बॉलपेन तर दाबून लिहिलं की पुढून वळ उठतो. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या, कडेला, चेहऱ्याच्या मागे नको, आणि नीट वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका. जुन्या साध्या कागदाच्या फोटोंवर मऊ पेन्सिल. नाव, गाव, साल, आणि कुणी काढला तेही.

शेवंती | ७ सप्टेंबर, रात्री ८.५०

आज आईला घेऊन बसले होते, ती सांगत गेली, मी लिहीत गेले. खळ्यावरच्या फोटोत अण्णांच्या मागे, कडब्याच्या गंजीपाशी एक मुलगा उभा आहे, आठ-नऊ वर्षांचा, अर्धाच दिसतो. आम्हा कुणालाच तो आठवेना. आईने चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "गवंड्याचा पोरगा. ओसरी बांधायला आलं होतं ते लोक. ह्यांच्या मागं मागं असायचा दिवसभर." नाव तिला आठवलं नाही. मी मागे लिहिलंय : 'गवंड्याचा मुलगा, १९९६, अण्णांच्या मागे मागे असायचा.'